थापटणे कोणाच्या हाती?
मनाची परीक्षा : गीता, गोरोबांची कथा आणि पालि सुत्ते

धाराशिव जिल्ह्यातील आमचे धम्मबांधव, विशेषतः महाविद्यालयात शिकणारे तरुण, एक प्रश्न वारंवार विचारतात. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात मनाचे चांचल्य वर्णिलेले आहे. रामदासांनी २०५ श्लोकांत मनालाच उपदेश केला आहे. धम्मपदाच्या चित्तवग्गाचा विषयही हाच आहे. मग मनाच्या फसव्या ओढी ओळखून त्यांना आवर घालण्यासाठी जो ग्रंथ हाताशी असेल तो वापरावा. त्यात हिंदू आणि बौद्ध असा भेद कशासाठी करावयाचा?

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला चिडून उत्तर देणे योग्य नव्हे आणि घोषणेने उत्तर देणे तर मुळीच योग्य नव्हे. मनाने फसविणे हा कोणत्याही एका धर्माच्या अनुयायांचा अनुभव नाही. राग, लोभ, भय आणि आळस यांना जात नसते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम गीतेच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणणार आहोत, आणि त्यानंतर आमच्या दृष्टीने जो खरा भेद आहे तो मांडणार आहोत. हा भेद मनाच्या वर्णनात नसून परीक्षेच्या साधनात आहे. मन खरे बोलते की खोटे, हे ठरविण्याचे साधन कोणाच्या हाती आहे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

गीतेचे श्रेय

गीतेचा दुसरा अध्याय वाचताना पालिच्या अभ्यासकाला काही ठिकाणी थांबावेसे वाटते. विषयांचे चिंतन केल्याने आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, आणि शेवटी बुद्धिनाश अशी एक साखळी तेथे दिली आहे. मनाच्या अधोगतीचे हे वर्णन नेमके आहे. तिसऱ्या अध्यायात काम आणि क्रोध यांना वैरी म्हटले आहे. सोळाव्यात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे सांगितली आहेत. सहाव्यात अर्जुन मनाची तुलना वाऱ्याशी करतो आणि त्याला अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगितला जातो. धम्मपदात चित्ताला पाण्याबाहेर फेकलेल्या, तडफडणाऱ्या माशाची उपमा दिली आहे. अनुभव एकच आहे, हे कोणीही मान्य करील.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही, असे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मत होते. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेला 'कृष्ण आणि त्याची गीता' हा निबंध महाराष्ट्र शासनाने १९८७ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या तिसऱ्या खंडात छापला. गीता बौद्ध विचारानंतरची असून तिने त्या विचाराची परिभाषा उचलली आहे, असे त्यात त्यांनी प्रतिपादिले आहे. 'निर्वाण' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या अध्यायांत येतो, हे त्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. गीतेच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि आमचा युक्तिवाद त्या निर्णयावर अवलंबूनही नाही. उसना घेतलेला दिवासुद्धा उजेड देतो. तो कोठे धरला जातो हे पाहावयास हवे.

आणखी एक श्रेय आम्ही गीतेला देऊ. सहाव्याच अध्यायात, सर्वांचे सुखदुःख आपल्यावरून जाणणारा योगी श्रेष्ठ होय, असा आशय आला आहे. धम्मपदाच्या दण्डवग्गात हाच विचार आहे : सर्वांना दंडाचे भय वाटते, म्हणून स्वतःची उपमा घेऊन पाहावे आणि कोणाला मारू नये. गीतेने हा आत्मौपम्याचा विचारच अखेरची कसोटी म्हणून स्वीकारला असता तर आमचा वाद पुष्कळसा मिटला असता. पण तसे घडलेले नाही.

अर्जुनाचे मन कोठे चुकले?

गीतेचा आरंभच मनाच्या एका ओढीने होतो. समोर आप्त उभे आहेत, त्यांना मारावयाचे आहे, आणि अर्जुनाचे अंग थरथरते, धनुष्य हातातून गळते. ही ओढ सद्बुद्धीची की दुर्बलतेची? श्रीकृष्णाचे उत्तर दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभीच येते : ही हृदयाची दुर्बलता आहे, ती टाकून ऊठ. पुढे कारणे दिली आहेत. आत्मा मारला जात नाही. क्षत्रियाला धर्म्य युद्धाहून श्रेयस्कर काही नाही. युद्ध टाळल्यास स्वधर्म आणि कीर्ती दोन्ही जातील.

येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे, आणि ती सहसा पाहिली जात नाही. अर्जुनसुद्धा केवळ करुणेने बोलत नाही. कुलक्षय झाला की कुलधर्म नष्ट होतात, स्त्रिया बिघडतात, वर्णसंकर होतो, जातिधर्म उखडले जातात आणि अशा लोकांना नरकवास घडतो, असे तो पहिल्या अध्यायात सांगतो. आणि आपल्या म्हणण्याला आधार म्हणून 'अनुशुश्रुम', म्हणजे 'आम्ही परंपरेने ऐकत आलो', हा शब्द वापरतो. कालामांना उपदेश करताना भगवान बुद्धांनी ज्या दहा गोष्टींच्या आधारे काही स्वीकारू नका असे सांगितले, त्यांतली पहिलीच 'अनुस्सव' ही आहे. धातू तोच, अर्थही तोच. म्हणजे मागे फिरणारे मन शास्त्राचा आधार घेते आणि पुढे ढकलणारा उपदेशही शास्त्राचाच आधार घेतो. दोन्ही पक्षांच्या हाती एकच पोथी असेल तर पोथी निवाडा कसा करणार? शेवटी निवाडा होतो तो वर्णाने : तू क्षत्रिय आहेस, म्हणून ही ओढ चुकीची.

सोळाव्या अध्यायाच्या अखेरीस हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले आहे. शास्त्रविधी सोडून आपल्या इच्छेप्रमाणे वागणाऱ्याला सिद्धी नाही, सुख नाही, परम गती नाही. म्हणून कार्य आणि अकार्य ठरविताना शास्त्र हेच प्रमाण. अठराव्या अध्यायात ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र यांची स्वभावजन्य कर्मे वाटून दिली आहेत. शूद्राच्या वाट्याला परिचर्या आली आहे. आणि सदोष असला तरी आपलाच धर्म बरा, असे सांगून तो विषय बंद केला आहे. मनुस्मृती याच दिशेने एक पाऊल पुढे जाते. तिच्या दुसऱ्या अध्यायात, तर्काच्या बळावर श्रुती-स्मृतींचा अवमान करणाऱ्याला साधूंनी बहिष्कृत करावे, असे म्हटले आहे. तेथे प्रश्न विचारणे हीच मनाची फसवी ओढ ठरते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, त्यामागील कारणांत हेही एक आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. गीतेचे युद्ध हे अंतरंगातील युद्ध आहे, कौरव म्हणजे विकार, असे महात्मा गांधी मानीत. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली प्रवचने महाराष्ट्रात घरोघरी वाचली गेली; त्यांतही भर चित्तशुद्धीवरच आहे. अशा वाचनाने कित्येकांचे जीवन निर्मळ झाले असेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण रूपक मानले तरी सोळाव्या अध्यायातील प्रमाणाचा नियम रूपक होत नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० सालच्या आपल्या टीकेत त्याच ठिकाणी श्रुतीला जगाची माउली म्हटले आहे. अहितापासून काढणारी आणि हित देऊन वाढविणारी अशी दुसरी माता नाही, असा तेथील आशय आहे. आणि तेच ज्ञानेश्वर अठराव्या अध्यायात वेद संपन्न असूनही कृपण आहे, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला, अशी खंत व्यक्त करतात. या दोन स्थळांमधील ताण त्या थोर कवीलाही जाणवला असला पाहिजे. जी माता निम्म्याहून अधिक लेकरांशी बोलतच नाही, तिच्या शब्दावरून त्या लेकरांनी आपल्या मनाची पारख कशी करावी?

ओढ आणि नकार

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला पुस्तकी नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. वतन म्हणजे काय, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. गावाची पडेल ती कामे, रात्री-अपरात्री हाक, आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते. १९२८ सालीच बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले होते.

आता त्या काळातील एखाद्या वतनदाराच्या मनात सकाळी उठताना 'आज मी जाणार नाही' असा विचार आला असेल, तर त्या विचाराची परीक्षा कशी व्हावयाची? गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या कसोटीने तो स्वधर्मत्याग ठरतो. गावाच्या रूढीने तो माज ठरतो. कदाचित त्याच्या स्वतःच्या मनालाही तो पापासारखा वाटला असेल, कारण भय आणि सवय यांनी घडलेले मन स्वतःविरुद्धही साक्ष देते. आणि तरीही तो विचार खरा होता. त्या एका विचारातून पुढचा इतिहास घडला. मनाची चुकीची ओढ ओळखण्याच्या नावाखाली मनातील सर्वांत खरी ओढ दाबली जाऊ शकते. ग्रंथाने ती दाबावयास शिकविले तर साधकाला ते कळतही नाही; आपण मनावर विजय मिळविला असे तो समजतो. आमच्या मते शास्त्रप्रामाण्यातील सर्वांत मोठा धोका हाच आहे.

तेरचा कुंभार

आमच्या जिल्ह्यात मनाच्या परीक्षेची आणखी एक कथा आहे, आणि ती गीतेपेक्षाही लोकांच्या जवळची आहे. तेर हे गोरोबा कुंभारांचे गाव. परंपरा त्यांना ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन मानते. महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या भक्तविजयासारख्या ग्रंथांतून आणि कीर्तनांतून त्यांच्या कथा घरोघरी गेल्या. संतमेळ्यात मुक्ताबाईचे लक्ष गोरोबांच्या थापटण्याकडे गेले. याने काय करतात, असे तिने विचारले. मडके भाजले की कच्चे राहिले ते कळते, असे उत्तर मिळताच आमचीही मडकी तपासा, अशी विनंती झाली. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत गेले. सारे शांत बसले. नामदेवांनी मात्र तक्रार केली, आणि ते मडके कच्चे ठरले.

या कथेत सुंदर असे पुष्कळ आहे. परीक्षक पंडित नसून कुंभार आहे. सूचना करणारी एक लहान मुलगी आहे. देवाच्या निकटच्या भक्तालाही अहंकार असू शकतो, हे त्यात निर्भयपणे सांगितले आहे. नामदेवांना पुढे विसोबा खेचरांकडून जी शिकवण मिळते, तीही देवाला एका दगडात कोंडणाऱ्या बुद्धीच्या विरुद्ध आहे. गोरोबांसारख्या श्रमजीवी संताविषयी आमच्या मनात आदरच आहे.

परंतु कथेची कसोटी काय आहे, ते पाहा. थापटणे दुसऱ्याच्या हाती आहे, आणि जो मार खाऊन गप्प राहतो तो पक्का. ज्यांनी स्वतःहून मस्तक पुढे केले त्यांच्यासाठी ही अहंकाराची परीक्षा असेल. पण ज्या समाजाच्या मस्तकावर पिढ्यानुपिढ्या थापटणे पडत आले आणि ज्याची संमती कोणी विचारली नाही, त्याने या कथेतून 'सोसणे म्हणजे पक्वता' एवढेच उचलले तर अनर्थ होतो. गोरोबांचीच दुसरी कथा, नामस्मरणात तल्लीन होऊन माती तुडविताना स्वतःचे मूल पायाखाली गेल्याची, या दृष्टीने अधिक विचार करावयास लावते. कथा तल्लीनतेचे गौरव करते आणि शेवटी मूल परत आणते. बौद्ध वाचक येथे थबकतो. चित्त एका जागी जडले, पण पायाखाली काय आहे याचे भान राहिले नाही, तर त्याला सम्मासति म्हणता येत नाही. एकाग्रता आणि जागृती या एकच गोष्टी नव्हेत. आईच्या हंबरड्याला उत्तर देण्यासाठी कथेला चमत्कार करावा लागला, यातच तिची अडचण दिसून येते.

कुंभाराची उपमा पालित

पालि वाङ्मयात कुंभार आणि मडके यांची उपमा ठिकठिकाणी भेटते. धम्मपदाच्या चित्तवग्गात शरीर घटासारखे फुटणारे जाणावे, चित्त नगरासारखे बंदिस्त करावे आणि प्रज्ञेच्या शस्त्राने माराशी लढावे, असा उपदेश आहे. मज्झिम निकायाच्या महासुञ्ञत सुत्तात भगवान आनंदाला सांगतात की, कुंभार कच्च्या मडक्यांना जसा जपून हाताळतो तसा मी तुम्हांला हाताळणार नाही. पुन्हा पुन्हा दोष दाखवून बोलेन. ज्यात सार असेल तो टिकेल. येथेही गुरू कठोर आहे. मग भेद कोठे?

भेद त्याच निकायाच्या वीमंसक सुत्तात आहे. तेथे भगवान भिक्खूंना तथागताचीच परीक्षा करावयास सांगतात. जे डोळ्यांनी दिसते आणि कानांनी ऐकू येते त्यावरून तथागताच्या ठिकाणी मलिन गोष्टी आहेत की नाहीत हे पाहा, पुष्कळ काळ पाहा, आणि मगच श्रद्धा ठेवा. म्हणजे मडक्याने कुंभाराला तपासावयाचे आहे. जगाच्या धार्मिक वाङ्मयात एखाद्या शास्त्याने शिष्यांच्या हाती स्वतःच्या परीक्षेचे साधन दिल्याची याहून स्पष्ट उदाहरणे थोडीच सापडतील.

मनाच्या परीक्षेचे साधनही साधकाच्याच हाती दिलेले आहे. द्वेधावितक्क सुत्तात भगवान आपला संबोधिपूर्व काळातील अनुभव सांगतात. त्यांनी विचारांचे दोन भाग केले : एका बाजूला काम, द्वेष आणि हिंसा यांचे विचार, दुसऱ्या बाजूला नैष्क्रम्य, अद्वेष आणि अहिंसा यांचे. पहिल्या प्रकारचा विचार उठला की ते पाहात : याने मला पीडा होते, इतरांना होते, उभयतांना होते, आणि प्रज्ञा खुंटते. एवढे पाहिल्यावर तो विचार मावळे. पावसाळ्याच्या अखेरीस पिके दाटून उभी असताना गुराखी काठीने गुरांना आवरतो, आणि उन्हाळ्यात रान मोकळे झाल्यावर झाडाखाली बसून केवळ लक्ष ठेवतो, ही त्या सुत्तातील उपमा आमच्या शेतकरी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. या परीक्षेत कोणत्याही ग्रंथाचा हवाला नाही, आणि जन्माने मिळालेल्या कर्माचा तर नाहीच. परिणाम पाहावयाचा आहे, आणि तो स्वतःपुरता न पाहता इतरांसह पाहावयाचा आहे.

राहुलाला केलेला अम्बलट्ठिकेतील उपदेश हाच आहे. आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कृत्य करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे : याने स्वतःची, दुसऱ्याची किंवा दोघांची हानी होते काय? वितक्कसण्ठान सुत्तात हटवादी विचाराला आवरण्याचे पाच उपाय क्रमाने दिले आहेत. सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी बाहेर काढतो तसा कुशल विचार आणावा. त्याने न झाल्यास त्या विचाराचे दोष पाहावेत. नंतर तिकडे लक्ष देऊ नये. नंतर त्याचे मूळ शोधीत त्याची गती मंद करावी. आणि शेवटचा उपाय म्हणून दात आवळून चित्ताने चित्ताला दाबावे. दमन शेवटी आहे, आरंभी नाही. ही क्रमवारी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मार शास्त्राच्या भाषेत बोलतो

शास्त्र ही कसोटी का होऊ शकत नाही, याचे उत्तर सुत्तनिपातातील पधान सुत्तात आहे. नेरंजरेच्या काठी तप करणाऱ्या सिद्धार्थाकडे नमुचि मार येतो. तो शस्त्र घेऊन येत नाही; करुण वाणीने बोलत येतो. तू कृश झाला आहेस, मरण जवळ आले आहे. जग, ब्रह्मचर्य पाळ, अग्निहोत्र कर, पुष्कळ पुण्य साठेल. या खडतर मार्गाने काय मिळणार? त्याच्या बोलण्यात वाईट असे एकही कर्म नाही. उलट वैदिक परंपरेने जे पुण्यकर्म मानले त्याचीच तो शिफारस करतो. सिद्धार्थ त्याला ओळखतो, आणि मग त्याच्या सेना एकेक करून मोजतो : काम, अरति, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय, शंका, आणि पुढे लाभ व कीर्ती.

या प्रसंगाचे मर्म असे की, फसवी ओढ पापाचा वेष घेऊनच येते असे नाही. ती हितचिंतकाच्या आवाजात, पुण्याच्या भाषेत आणि परंपरेच्या आधाराने येऊ शकते. ज्याची कसोटी ग्रंथ हीच आहे, त्याला ग्रंथाच्या भाषेत बोलणारा मार ओळखता येणार नाही.

याचे एक कठोर उदाहरण आमच्याच भागात घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. अशा आघातानंतर मागे राहिलेल्या माणसाच्या मनात एक विचार हटकून येतो : माझ्याच कोणत्या तरी पापाचे हे फळ असावे. शोकाने व्याकुळ झालेल्या मनाची ही फसवी ओढ आहे. पूर्वजन्मीच्या कर्माची शिकवण तिला दुजोरा देते आणि जखम आणखी खोल करते. संयुत्त निकायाच्या सीवक सुत्तात मोळियसीवक हाच प्रश्न विचारतो : जे काही भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्माचेच फळ काय? भगवान पित्त, कफ, वात, ऋतुपालट, विषम आचरण, बाहेरून झालेला आघात अशी वेगवेगळी कारणे मोजून दाखवितात, आणि सर्व काही पूर्वकर्माचेच म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या व लोकमान्य सत्याच्या पलीकडे धावतात, असे सांगतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला आहे. ज्या मातेने ढिगाऱ्याखालून आपले मूल उचलले, तिला हे सांगणारा धम्म हवा होता. तिला दोषी ठरविणाऱ्या शास्त्राची तिला गरज नव्हती.

आमच्या विहारांत

येथवर वाचून काही वाचकांना समाधान वाटले असेल. त्यांनी थोडे थांबावे, कारण कालामांना दिलेल्या दहा निषेधांत 'पिटकसम्पदा', म्हणजे आमच्या ग्रंथात आहे म्हणून, हाही एक आहे. आणि शेवटचा 'हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून' असा आहे. ही धार केवळ दुसऱ्यांच्या ग्रंथांकडे वळविता येत नाही.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारांत बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होते. ही परंपरा स्तुत्य आहे. पण पान संपविणे हे ध्येय झाले, वाचणाऱ्याला ऐकणाऱ्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि ग्रंथावर फुले वाहून मंडळी घरी गेली, तर त्याला पारायणच म्हणावे लागेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील एखादी माउली मुलगा आजारी पडताच चोरून तुळजापूरचा नवस बोलते. तिला प्रतिज्ञेचा क्रमांक सांगून लाजविणे म्हणजे पुन्हा शास्त्राचे थापटणे मारणेच होय. तिला राहुलाचा आरसा द्यावा : ही ओढ कशातून उठली? भयातून. या नवसाने मुलाची हानी होते काय? दवाखान्यात जावयाचा दिवस टळत असेल, कर्ज काढावे लागत असेल, तर होते. एवढे तिने स्वतः पाहिले की प्रतिज्ञा तिची स्वतःची होते. तोवर ती आपण तिच्याकडून म्हणवून घेतलेली असते.

कालाम सुत्ताचा दुसऱ्या बाजूनेही विपर्यास होतो. 'मला पटेल तेच खरे' असा त्याचा अर्थ काही तरुण करतात. भगवानांनी तर्क आणि स्वतःच्या मताला रुचणे यांनाही त्या दहांत घातले आहे. मनाला पटणे ही कसोटी असती तर मनाच्या फसवणुकीचा प्रश्नच उरला नसता. हे अकुशल आहे, सुज्ञांनी निंदिलेले आहे, आचरल्यास अहित करणारे आहे, असे स्वतः जाणाल तेव्हा सोडा, असा त्यांचा उपदेश आहे. त्यात सुज्ञांचे ऐकणे आहे आणि परिणाम पाहणेही आहे. ग्रंथाला त्यात जागा आहे, पण सुज्ञ मित्राची, न्यायाधीशाची नव्हे. त्या अर्थाने गीतेतील ती क्रोधाची साखळी कोणी वाचून स्वतःला सावरले, तर आमचा त्याला विरोध नाही. त्याने मात्र तोच ग्रंथ मिटविताना सोळाव्या आणि अठराव्या अध्यायांनाही तीच परीक्षा लावावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

तेरला गेल्यावर वाचकांनी दोन ठिकाणे अवश्य पाहावीत. तेरणेच्या काठी गोरोबांचे मंदिर आहे. गावात विटांचे, गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिर आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, जरी त्यावर सर्वांचे एकमत नाही. प्राचीन तगर नगरीच्या या भूमीत उत्खननात स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात तेथील कुंभारांच्या हातची भाजलेल्या मातीची कामे ठेवली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुंभारानेही मडके भट्टीतून काढल्यावर ते वाजवून पाहिले असणार. मडके पक्के की कच्चे हे त्याला त्याच्या नादावरून कळे, कोणत्या पोथीत पाहावे लागत नसे. मनाची पारखही अशीच, रोज, आपल्याच हाताने करावयाची आहे.